पोटातलं ओठांवर येऊ दे

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि तुझं एकच वाक्य रात्रभर कानात राहिलं. "ताई, मी डॉक्टरांना सांगितलं, आता बरं आहे." त्यानंतर दोनच मिनिटांनी तू मला सांगितलंस की रात्री तीनदा उठावं लागतं, आणि परवा ऑफिसच्या संडासात घाम फुटून वीस मिनिटं भिंतीला टेकून बसली होतीस. मग बरं कुठे आहे गं? का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणालीस, "आई शेजारी होती. आणि तसलं कसं बोलायचं?"

हे "तसलं" मला चांगलं ठाऊक आहे. माझं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका शब्दानं केलं. म्हणून आज सकाळी डबे भरून झाल्यावर लिहायलाच बसले. फोनवर बोलले असते तर मध्येच रडू आलं असतं आणि निम्मं राहून गेलं असतं.

आपण ज्या घरांत वाढलो तिथे पोटाबद्दल बोलायला दोनच वाक्यं होती. "पोट बिघडलंय" आणि "पोट साफ झालं का?" या दोन वाक्यांत तुझा-माझा हा आतड्याचा आजार, क्रोन्स, मावत नाही. डॉक्टर विचारतात ते उगीच नसतं. दिवसातून किती वेळा जावं लागतं, रक्त पडतं का, शेम पडते का, धरवतं का, झोपेतून उठावं लागतं का. यातल्या प्रत्येक उत्तरावर त्यांचं पुढचं पाऊल ठरतं. नुसत्या ताणानं हुळहुळं झालेलं आतडं झोपलेल्या माणसाला सहसा उठवत नाही. तुला तीनदा उठवतंय, म्हणजे आत सूज जागी असणार. जेवल्यावर तासाभरानं बेंबीच्या उजव्या बाजूला पिळवटून कळ येते, पोटात गुडगुड वाजतं आणि मग एकदम मोकळं वाटतं, हे जे तू मला सांगितलंस ना, ते तर त्यांना सांगायलाच हवं होतं. आतड्याची वाट कुठेतरी अरुंद झाली असेल तर असंच होतं. हे त्यांना चेहऱ्यावरून कसं कळणार?

तुझी आई, म्हणजे माझी मावशी, त्या पहिल्या डॉक्टरांवर अजून चिडलेली आहे. "तीन महिने टीबीच्या गोळ्या घातल्या पोरीच्या पोटात, आणि निघालं भलतंच." तिचा राग मला समजतो. केशरी लघवी, तोंडाची गेलेली चव, वर आणखी चार किलो वजन उतरलं. माझ्याही वेळी हेच झालं होतं, आणि मीही तेव्हा फार संतापले होते. पण आता सोळा वर्षांनी मला त्या डॉक्टरांची अडचण कळते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघंही बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बसतात, लहान आतडं संपून मोठं सुरू होतं त्या सांध्यावर. दुर्बिणीतून जखमाही सारख्या दिसतात, तुकडा काढून तपासला तरी पुष्कळदा ठाम उत्तर येत नाही. आपल्या देशात टीबी इतका आहे की तो विसरून चालत नाही. कारण क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि आत टीबी निघाला, तर तो उसळतो. म्हणून आधी टीबीचं औषध देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात. जखमा भरल्या तर टीबी. तुझ्या भरल्या नाहीत. ते महिने वाया गेल्यासारखे वाटतात खरे, पण चूक होते ती पुन्हा न बघता सहा-सहा, नऊ-नऊ महिने तेच औषध चालू ठेवण्यात. तुझ्या डॉक्टरांनी वेळेवर बघितलं. मावशीला हे मी सांगेन.

आणि तू मनातून एक गोष्ट काढून टाक. हॉस्टेलवर वडापाव खाल्ले, मेसचं तिखट खाल्लं, रात्री जागून प्रोजेक्ट केले, म्हणून तुला हे झालेलं नाही. तुझी रोगप्रतिकारशक्ती तुझ्याच आतड्यावर उठली आहे. ती का उठते याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ साली हा आजार नीट मांडला आणि पहिल्याचं नाव त्याला चिकटलं. ग्लासगोच्या डॅल्झील नावाच्या सर्जननं तर १९१३ मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हाच आजार होता. १९५६ च्या जूनमध्ये त्यांचं आतडं अडलं, तातडीनं ऑपरेशन झालं, आणि त्याच नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले. माझं ऑपरेशन झाल्यावर कुणीतरी मला हे सांगितलं होतं आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा उशीला टेकून उठून बसले होते. म्हणून तुलाही सांगते.

आता माझ्या ऑपरेशनचं. हे मी आजवर आईलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

निदान झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आधी स्टेरॉइड, मग अझाथायोप्रिन. ती गोळी लागू पडायला दोन-तीन महिने घेते, पण लागू पडली. दोन वर्षं मी खरंच छान होते. वजन भरलं, साडी नेसून लग्नाकार्यात मिरवले. मग घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. केस थोडे विरळ झाले होते. आई रोज वेणी घालताना म्हणायची, "दुखत नाही ना आता, मग कशाला या उष्ण गोळ्या?" कुणीतरी एका काढ्याचं नाव सांगितलं. मी गोळ्या बंद केल्या. आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. दर तीन महिन्यांनी जायचे, ते विचारायचे, "गोळी चालू आहे ना?" मी म्हणायचे, "हो."

सात-आठ महिने काहीसुद्धा झालं नाही. हीच तर या आजाराची लबाडी आहे बघ. दुखणं गेलं म्हणजे सूज गेली असं नसतं. आत सूज धुमसत राहते, जखम भरते, पुन्हा होते, भरताना व्रण पडतो, आणि वाट आकसत जाते. एकदा तपासणीत शौचातलं कॅलप्रोटेक्टिन नऊशेच्या वर आलं. ते अडीचशेच्या वर गेलं की सूज असणार असंच धरतात. डॉक्टर गोंधळले. गोळी चालू असून असं का, म्हणून त्यांनी डोस वाढवायचा विचार केला. मी समोर बसून मान हलवत राहिले. आजही ते आठवलं की मला माझ्या त्या गप्प बसण्याचं फार वाईट वाटतं.

त्या पावसाळ्यात आम्ही सगळे पाचगणीला गेलो होतो. पसरणी घाटात धुकं, पाऊस, आणि कोळशावर भाजलेली कणसं. लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं एक अख्खं कणीस मी खाल्लं. रात्री अकराला कळ आली. एकला पोट ढोलासारखं टम्म झालं. वारा सरेना, ढेकर येईना, मग हिरव्या उलट्या. पहाटे साताऱ्यात दाखल केलं, नाकातून नळी घातली, आणि त्या नळीतून काळपट-हिरवं पाणी बाटलीत पडत होतं त्याचा थेंब-थेंब आवाज मला अजून ऐकू येतो. मक्याचे दाणे अरुंद झालेल्या वाटेत जाऊन अडकले होते. तीन दिवसांनी पुण्यात ऑपरेशन झालं. वीतभर लहान आतडं आणि त्याला लागून असलेला मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग काढावा लागला. बी-१२ शरीरात घेण्याचं काम त्याच शेवटच्या तुकड्याचं असतं, तो गेला म्हणून मला आता कायम बी-१२ ची इंजेक्शनं घ्यावी लागतात. ऑपरेशननं आजार जातो असंही नाही. चार वर्षांनी त्याच जोडावर तो परत आला.

भूलतज्ज्ञानं विचारलं, "कुठली औषधं चालू?" तेव्हा कुठे पहिल्यांदा खरं बोलले. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "केस गळतायत हे मला सांगितलं असतंस तर आपण दुसरं काहीतरी बघितलं असतं."

म्हणून सांगते, तुझी अझाथायोप्रिन पुढच्या महिन्यात सुरू होईल तेव्हा केसांकडे लक्ष ठेव, आणि बोल. आपल्याकडच्या काही लोकांच्या जनुकांत असा फरक असतो की ही गोळी त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं खाली आणते, आणि पहिल्या काही आठवड्यांत मूठमूठ केस गळणं ही त्याची एक खूण असते. त्यासाठी एनयूडीटी-१५ नावाची रक्ततपासणी आहे, ती करायची का ते विचार. सुरुवातीला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, वरचेवर करतील, ती एकही चुकवू नको. घसा दुखून ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसू नको, त्याच दिवशी फोन कर.

तुझ्या चेहऱ्याचं. तू मामाच्या मुलाच्या लग्नाला येत नाहीयेस कारण चेहरा भाकरीसारखा फुगलाय, हे मला मावशीनं सांगितलं. राणी, तो प्रेडनिसोलोनचा फुगवटा आहे. डोस उतरत जातो तसा तोही उतरतो, काही महिन्यांत तुझी हनुवटी तुला परत दिसेल. पण त्या आरशाला वैतागून गोळी एकदम बंद करशील तर जीवावर बेतेल. बाहेरून स्टेरॉइड मिळतंय म्हणून शरीरातल्या ग्रंथी आपलं काम थांबवून बसलेल्या असतात, त्यांना हळूहळूच उठवावं लागतं. सकाळी, खाऊन घे, म्हणजे रात्री झोप तरी लागेल. कॅल्शिअम-डी चुकवू नको. विनाकारण रडू येतं, चिडचिड होते, तीही बरीचशी त्या गोळीची. आणि स्टेरॉइडनं छान वाटतंय म्हणून "हेच चालू ठेवू या" असंही म्हणू नको, ते आग विझवायला असतं, घर राखायला नाही. लग्नाला ये. मी तुझ्या शेजारी बसेन. कुणी "जाड झालीस गं" म्हणालं तर उत्तर मी देईन.

खाण्याबद्दल तुला आता शंभर जण शंभर गोष्टी सांगतील. कुणी गहू सोडायला सांगेल, कुणी दूध, कुणी फक्त डाळिंब खा म्हणेल. क्रोन्सचं सगळ्यांना लागू पडेल असं एक पथ्य नाही. मी एक वही ठेवली होती, दोनशे पानी, किराणा दुकानातली. काय खाल्लं, किती वाजता, कळ आली का, किती वेळा जावं लागलं. सहा महिन्यांत माझं मलाच कळलं. मला ताक चालतं, नुसतं दूध नाही. ज्वारीची भाकरी ताजी, दुधात नाहीतर वरणात कुस्करून चालते, म्हणजे ते दूधही थोडंच. मेथी-शेपूची जाडीभरडी भाजी, गवार, कच्ची काकडी, पेरूच्या बिया, हे सूज असताना नाही. शेवग्याची शेंग आमटीत असली तर मी आमटी घेते, शेंग ताटाबाहेर. आणि मका कधीच नाही. तुझा एमआर एन्टेरोग्राफीचा, म्हणजे आतड्याच्या एमआरआयचा, रिपोर्ट येऊन वाट अरुंद नाही असं कळेपर्यंत तूही मका, शेंगदाणे, चिवट सालीची फळं लांब ठेव. बरी असशील तेव्हा मात्र भीतीनं सगळं सोडत बसू नको. मऊ भात, मुगाचं वरण आणि तूप यावर एक वर्ष काढलेल्या बायका मी ओपीडीत पाहिल्या आहेत, हाडांना नुसती कातडी. अंडं खा, मासे खा, पनीर खा. चतुर्थी आणि नवरात्राचे उपवास आता बंद. साबुदाणा आणि दाण्याच्या कुटानं तुझ्यावर कुठलाही देव प्रसन्न होणार नाही, हे मी पूर्ण श्रद्धेनं सांगते.

पाळीच्या दिवसांत पोट जास्त बिघडतं, हे पुष्कळ जणींना होतं. त्यावेळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी झोपलेला क्रोन्स उठू शकतो. पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी. सांधे दुखले, डोळा लाल होऊन दुखला, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी आल्या, तरी तेच. हा आजार आतड्याबाहेरही डोकावतो, तेव्हा पोटाच्याच डॉक्टरांना सांगायचं. आणि ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबर एखादी सिगारेट ओढत असशील, तर मी रागावणार नाही, पण आजपासून सोड. सिगारेटनं क्रोन्स चिघळतो, यात शंका नाही.

आणखी एक सांगते, हे वाचताना तू लाजशील. शौचाच्या जागेजवळ कधी गाठ आली, दुखून फुटली, कपड्याला पू लागला, तर मूळव्याध समजून पाटी लावलेल्या कुठल्याही दवाखान्यात जायचं नाही. क्रोन्समध्ये भगंदर होऊ शकतं. आधी एमआरआय, आतल्या सुजेवर औषध, आणि लागेल तेवढीच शस्त्रक्रिया, या क्रमानं ते बरं करावं लागतं. आमच्या ओपीडीतल्या एका ताईनं लाजेपायी दोन वर्षं ते लपवलं, नवऱ्यापासूनसुद्धा. दोन जागी कापून घेतलं, जखमा भरल्याच नाहीत. शेवटी इन्फ्लिक्सिमॅबच्या सलाईनवर त्या भरल्या. ती मला म्हणाली होती, "दुखण्यापेक्षा लपवण्यानं जास्त दमले."

मी सध्या अडालिमुमॅबच्या इंजेक्शनवर आहे, दर पंधरा दिवसांनी, स्वतःच्या हातानं पोटाच्या कातडीत. ते सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ बीची तपासणी करतात, कारण दबून बसलेला टीबी त्यानं जागा होऊ शकतो. फ्रिजमध्ये एका स्टीलच्या डब्यात ठेवते, डब्यावर माझं नाव, म्हणजे कुणी तो बर्फाच्या कप्प्यात सरकवत नाही. अर्धा तास आधी बाहेर काढलं की टोचताना आग कमी होते. भारतात बनलेली औषधं आल्यापासून किंमत खाली आली आहे, तरी ओझं आहेच. म्हणून विम्याचं वेळेत बघ. ऑफिसचा गट विमा असतो तो पहिल्या दिवसापासून जुन्या आजारालाही लागू आहे का, एचआरला लेखी विचार. स्वतःची पॉलिसी घेतलीस तर फॉर्मवर "क्रोन्स" स्पष्ट लिही. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. तीन वर्षं थांबणं परवडतं, लपवून नाकारलेला दावा परवडत नाही.

ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही. एका माणसाला सांग. "मला आतड्याचा जुना आजार आहे, मीटिंगमधून कधी एकदम उठावं लागेल." एवढं एक वाक्य. ते बोलल्या दिवसापासून माझ्या निम्म्या कळा कमी झाल्यासारख्या वाटल्या होत्या, कारण दाराजवळच्या खुर्चीवर बसायला मला कारण शोधावं लागत नव्हतं. सातारा-पुणे मी शक्यतो रेल्वेनं करते, डब्यात सोय असते. एसटीनं निघाले तर निघायच्या आधी दोन तास काही खात नाही आणि बॅगेत एक जोड कपडे, ओले टिश्यू, कागदी साबण, ओआरएस. ती पिशवी असली की सहसा लागत नाही.

लग्नाचं मावशी बोलेलच. कांदेपोहे देताना सांगायचं नाही, पण होकार जाण्याआधी सांगायचं, आणि तू स्वतः सांगायचं. मी दोघांना सांगितलं, दोन्ही स्थळं गेली. तिसऱ्यानं विचारलं, "मग तुला जेवायला काय चालतं?" त्याच्याशी संसार करतेय. मुलंबाळं होतात. आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक बायकांचं सगळं नीट पार पडतं. मात्र आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण मेथोट्रेक्सेटसारखं औषध महिनोन् महिने आधी थांबवावं लागतं आणि बाकीची पुष्कळशी चालू ठेवावी लागतात. आई किंवा वडील, एकालाच क्रोन्स असेल तर बहुतेक मुलांना तो होत नाही. माझी लेक नऊ वर्षांची आहे, काल तिनं दोन कणसं खाल्ली. मी तिच्याकडे बघत बसले होते.

पोट टम्म फुगलं, वारा सरेना आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा थंडी वाजून ताप आला आणि पोटात एकाच जागी ठणका लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी मला फोन कर, आणि फोन करत करत रिक्षात बस.

गुरुवारी साडेदहाची वेळ आहे ना तुझी? मी नवाच्या आत पुण्यात पोचते. आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेव: किती वेळा, रात्री किती वेळा, रक्त, कळ कुठे आणि जेवल्यावर किती वेळानं, वजन, आणि कुठल्या गोळ्या खरंच घेतल्यास, कुठल्या चुकल्या. बोलता आलं नाही तर कागद सरळ डॉक्टरांच्या हातात दे. तुझा नंबर लागला की मी मावशीला खाली कॅन्टीनमध्ये चहाला घेऊन जाणार आहे. तिला वाईट वाटेल, पण ते मी बघते. तू एकटी आत जा.